कार्डावरचं पहिलं नाव

रावजी साबळे गेल्याचं मला पोस्टकार्डाने कळलं. कार्ड शिरूरच्या मुलाणी कंपाउंडरांचं होतं. गावात रावजींना सगळे आप्पा म्हणत, म्हणून कार्डातही आप्पाच होतं. आप्पा मंगळवारी सकाळी गेले, दोन दिवस छातीत दुखत होतं, भावकीने सगळं केलं, ग्रामोफोन मी दवाखान्यात आणून ठेवलाय. शेवटची ओळ अशी होती : 'शारदाला कळवायचं होतं, पण पोरीचा पत्ता कुणाजवळ नव्हता.'

ही ओळ चुकीची होती. पत्ता माझ्याजवळ होता.

मी तेव्हा पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होतो. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुकीच्या ओळी दुरुस्त करणं हेच माझं काम होतं. मुलाणींच्या ओळीची दुरुस्ती मात्र मी त्यांना कळवली नाही. शारदाच्या पत्त्यावर एक कार्ड टाकलं. त्याला उत्तर आलं नाही.

आप्पांचं दुकान शिरूरच्या एसटी स्टँडच्या फाटकासमोर होतं. एका खोलीचं. लग्नं, बारशी, जत्रा, निवडणुका यांना लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा. दोन भोंगे, एक अँप्लिफायर, बॅटऱ्या, आणि कोपऱ्यात लाकडी स्टुलावर कर्ण्याचा जुना ग्रामोफोन. तो भाड्याने जात नसे. भिंतीला लागून रेकॉर्डच्या फळ्या. प्रत्येक रेकॉर्डला साखरेच्या पोत्याचं कापड शिवलेलं आणि कापडाच्या कोपऱ्याला रंगीत दोरा. लाल दोरा हळदीचा, पिवळा बारशाचा, पांढरा देवाचा. आप्पांना आकडे येत, सही येत होती. बाकी अक्षर लागत नसे. सही त्यांना मुलीने शिकवली होती. तीनशेच्या वर रेकॉर्डमधून हवी ती रेकॉर्ड ते दोऱ्यावरून आणि कडेच्या ओरखड्यावरून, न बघता काढत.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्या रेकॉर्डना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. लोकांना नवी सिनेमाची गाणी लागत. आप्पा ती पुण्याहून आणत आणि लग्नात लावत, पण त्यांना ते 'धंद्याचं' म्हणत. 'गाण्याचं' म्हणजे जुनं.

त्यांचे काही नियम होते. रेकॉर्ड पुसायची ती मलमलीने, आणि पुसणाऱ्याने बोलायचं नाही. गाणं अर्ध्यात तोडायचं नाही, आमदार आला तरी. आणि लग्नात मुलगी जेवल्याशिवाय पाठवणीचं गाणं लावायचं नाही. हा शेवटचा नियम मी कवठे येमाईच्या एका लग्नात पाहिला. लग्न उशिरा लागलं होतं, मुलाकडच्यांना निघायची घाई होती. नवऱ्यामुलाच्या मामाने येऊन सांगितलं, रडायचं गाणं लावा म्हणजे बाया आवरतील. आप्पांनी विचारलं, पोरगी जेवली का? मामा म्हणाला, तुम्हाला काय करायचंय, पैसे गाण्याचे घेतलेत ना. आप्पांनी बॅटरीची वायर काढली आणि कोपरावर गुंडाळायला लागले.

"पोरीच्या पोटात घास जाऊ द्या," ते म्हणाले. "रडायला ताकद लागती, मामा."

मांडवातल्या बायकांनी ते ऐकलं. नवरीला ताट वाढलं गेलं. ती जेवेपर्यंत आप्पांनी वायर पुन्हा जोडली नाही.

मी त्या वेळी शिरूरच्या एका चार पानी साप्ताहिकात होतो. वय तेवीस. बातम्या लिहायच्या, प्रुफं बघायची, वर्गणी मागायची. बातमीखाली नाव छापायची तिथे पद्धत नव्हती. आप्पा मला 'पेपरवाले' म्हणत आणि अहोजाहो करत.

दर रविवारी सकाळी पुण्याच्या केंद्रावरून जुन्या गाण्यांचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. प्रत्येक आठवड्याला एक विषय असे. दिवा, खिडकी, सासर, पाखरू, झोका. कार्यक्रम संपताना निवेदिका पुढच्या रविवारचा विषय सांगायची आणि श्रोत्यांनी त्या विषयाची गाणी कार्डावर लिहून पाठवायची. निवडलेल्या गाण्याआधी पाठवणाऱ्याचं नाव आणि गाव वाचलं जाई. गावोगाव लोक चार-पाच जण मिळून एक कार्ड टाकत. निवेदिका त्यातलं पहिलं नाव पूर्ण वाचत असे आणि बाकीच्यांना 'आणि त्यांचे मित्र' म्हणत असे. हे कार्ड पाठवणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं.

आमचं मंडळ तिघांचं. आप्पा, जनावरांच्या दवाखान्यातले मुलाणी कंपाउंडर आणि मी. मुलाणी आप्पांच्या बरोबरीचे होते आणि त्यांना एकेरीत हाक मारणारे गावातले ते एकटेच. रविवारी दुकानाची अर्धी फळी उघडी ठेवून आम्ही ऐकत असू. विषय जाहीर झाला की आप्पा रेडिओ बंद करत, डोळे मिटत आणि उजव्या हाताचं बोट हवेत थोडं खाली आणत, सुई टेकवावी तसं. मग गाणं सांगत. विषय दिवा असला तर सगळ्या महाराष्ट्रातून दिव्यापासून सुरू होणारी गाणी जात. आप्पांच्या गाण्यात दिवा तिसऱ्या कडव्यात, ओझरता यायचा. एकदा निवेदिका म्हणाली की या गाण्याची रेकॉर्ड शोधायला आम्हाला दोन दिवस लागले. आप्पा मुलाणींना म्हणाले, "मला इचारलं असतं तर सांगितलं असतं, खालून दुसऱ्या फळीवर हाय."

गाणं सांगितलं की मी कार्ड लिहायचो. आप्पा म्हणत, "वाचून दाखवा." मी वाचायचो. मग स्टँडवरच्या पेटीत टाकून यायचो.

पहिल्या कार्डावर मी माझं नाव वर लिहिलं. त्यामागे काही ठरवणं नव्हतं; लिहिणारा मी होतो, हात आपल्या नावावर गेला. ते कार्ड निवडलं गेलं. रविवारी माझं नाव रेडिओवर आलं, पूर्ण, शिरूरसकट. सोमवारी वाण्याने मला नावाने हाक मारली. संपादकांनी चहा मागवला. छापखान्यातले जुळारी म्हणाले, तुम्ही गाण्यातले जाणकार निघालात की.

दुसऱ्या कार्डाच्या वेळी ठरवणं होतं. मी माझं नाव वर लिहिलं, मग मुलाणींचं, आणि शेवटी रावजी साबळे. आप्पा म्हणाले, वाचून दाखवा. मी वाचलं : रावजी साबळे, मुलाणी, आणि शेवटी माझं नाव. अक्षरं एका क्रमाने होती, मी दुसऱ्या क्रमाने वाचली.

रविवारी पुन्हा माझं नाव आलं. आप्पा काही वेळ रेडिओकडे बघत राहिले.

"बाईनं क्रम फिरवला आसंल," ते म्हणाले.

मी म्हणालो, "कार्डं खूप येतात, आप्पा. घाईत वाचतात त्या."

"व्हय, घाईत व्हतं आसं," आप्पा म्हणाले. त्यांनी माझ्यापुढे चिवड्याची पुडी सरकवली.

एका वर्षात अशी अकरा कार्डं गेली. सात निवडली गेली. सातही गाणी आप्पांची होती आणि सातही वेळा नाव माझं आलं. मुलाणी एकदा हसत म्हणाले, "रेडिओवाल्या बाईला लिहिणाऱ्याचंच नाव बरं आवडतं." मीही हसलो. आप्पा हसले नाहीत, पण रागावलेलेही दिसले नाहीत. पुढच्या विषयासाठी त्यांनी डोळे मिटले होते.

आप्पांना आपलं नाव रेडिओवर का हवं होतं, हे मला आठव्या कार्डानंतर कळलं. मुलाणींनी सांगितलं, दवाखान्याच्या ओट्यावर, एका बैलाच्या खुराला औषध लावता लावता.

शारदा ही आप्पांची एकुलती मुलगी. आई लवकर गेलेली. ती दुकानातच वाढली. सहाव्या वर्षापासून ग्रामोफोनला चावी देण्याचं काम तिचं. दुकानाचं नावही शारदा साउंड सर्व्हिस. पुढे दौंडला मावशीकडे शिवण शिकायला गेली आणि तिथल्या रेल्वेतल्या एका आंध्रकडच्या फायरमनशी तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं. भावकी जमली. देवळात आप्पांना शपथ घ्यायला लावली : तिच्या दारात जाणार नाही, तिला पत्र धाडणार नाही, तिचं नाव तोंडाने घेणार नाही. आप्पांनी शपथ घेतली आणि पाळली. भावकीने पाटीवरचं नावही पुसायला सांगितलं. आप्पांनी 'शारदा'वर चुना फासला. ऑइलपेंटची पाटी, तिच्यावर चुना. पावसाळ्यात तो धुऊन जाई आणि नाव वर येई. भावकीतलं कुणी बोललं की आप्पा पुन्हा चुना लावत.

"मी त्याला म्हणलं, रावजी, पोरीला एकदा तरी कळव, जिता आहेस म्हणून," मुलाणी सांगत होते. "तर म्हणतो, रेडिओ म्हंजी पत्तर न्हाई. माझं नाव मी न्हाई घेत, बाई घेती. दौंडला पोरगी ऐकती. त्यात मी काय मोडलं?"

मग गाण्यांचंही लक्षात आलं. आप्पा सांगत ती सगळी गाणी शारदाने लहानपणी चावी देऊन वाजवलेली होती. पिवळ्या आणि पांढऱ्या दोऱ्याची.

हे कळल्यावर मी पुढचं कार्ड सरळ लिहायचं ठरवलं. पुढचा विषय होता खिडकी. तेव्हा माझ्या लग्नाचं एका मुलीकडे बोलणं चाललं होतं आणि तिच्या घरी रविवारी रेडिओ लावत असत. मी म्हटलं, एवढ्या वेळी राहू दे. दहाव्या कार्डाला म्हटलं, एकदम क्रम बदलला तर आप्पांना शंका येईल. अकराव्याला काही म्हटलं नाही. नुसतं लिहिलं.

गणपती उठल्यानंतर संपादकांनी मला दौंडला पाठवलं. रेल्वे कॉलनीत पाण्याची ओरड होती. तीन चाळींना एक नळ, तोही सकाळचा तासभर. मी नळावरच्या बायकांची नावं लिहून घेत होतो. एकीने नाव सांगण्याआधी माझं विचारलं. मी सांगितलं. तिने हातातली कळशी खाली ठेवली.

"शिरूरचे? रेडिओवर येतं तेच तुमी?"

मी हो म्हणालो. तिच्या कडेवर दीड-दोन वर्षांचा मुलगा होता. ती म्हणाली की ती शारदा, रावजी साबळ्यांची. तिने मला रांगेतून बाजूला घेतलं. तिचा नंबर गेला.

"आप्पा हायेत ना, दादा?"

मी म्हणालो, आहेत, तब्येत बरी आहे.

"त्या कार्यक्रमाला बसत्यात ना तुमच्यासंगं? गाणी त्यांचीच असत्यात. मला कळतं. तसली गाणी दुसऱ्या कुणाला म्हाईत न्हाईत." तिने मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आन् नाव घालू देत न्हाईत वाटतं."

मी वहीचं पान उलटलं.

ती सांगत राहिली. रविवारी ती नवऱ्याचा रेडिओ खिडकीत ठेवते. पहिल्यांदा गाणं ऐकलं तेव्हाच तिने ओळखलं, हे आप्पांचं. पण गाण्याआधी वाचलेलं नाव शिरूरच्या दुसऱ्याच माणसाचं होतं. मग दर वेळी तसंच. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, आप्पा ग्रामोफोनची करत, आणि कर्ण्याला हार घालायचा मान तिचा होता. यंदा मुलाला घेऊन जायचं तिच्या मनात होतं. तिने स्वतःशी ठरवलं होतं, आप्पांचं नाव एकदा जरी आलं तरी समजायचं की बोलावणं आलं.

"सात डाव गाणी आली," ती म्हणाली. "म्हंजी गाणी चालत्यात. माझ्या कानावर त्यांचं नाव पडलेलं चालत न्हाई."

यावर सांगायला माझ्याजवळ एक वाक्य होतं. आप्पांचं नाव कार्डावर असतं, मी ते खाली लिहितो. मी म्हणालो, "पुढच्या वेळी ऐका." तिने मान हलवली आणि मुलाच्या नाकावरून पदर फिरवला. मी इथं भेटले ते त्यांना सांगू नका, म्हणाली, शपथ त्यांची हाय, मोडायला नको.

साप्ताहिकात नळाची बातमी पहिल्या पानावर आली. तीत पाच बायकांची नावं होती. शारदाचं मी घातलं नाही.

पुढचा विषय पाळणा होता. आप्पांनी बोट खाली आणलं, गाणं सांगितलं. मी कार्डावर एकच नाव लिहिलं : रावजी साबळे, शिरूर. वाचून दाखवलं. या वेळी अक्षरं आणि वाचन एक होतं.

"तुमची नावं?" आप्पांनी विचारलं.

"जागा पुरली नाही," मी म्हणालो.

तो रविवार नवरात्राच्या आधीचा. निवेदिकेने नाव वाचलं. रावजी साबळे, शिरूर, जिल्हा पुणे. आप्पा हात मांडीवर ठेवून बसले होते, तसेच बसून राहिले. गाणं पूर्ण झालं. त्यांनी रेडिओ बंद केला. पुढचा विषय ऐकायला थांबले नाहीत. मुलाणी टोपी काढून डोकं पुसत होते.

"आज क्रम बराबर लागला," आप्पा म्हणाले. ते माझ्याकडे बघून म्हणाले की रेडिओकडे, हे मला त्या वेळीही नक्की सांगता आलं नसतं. मग त्यांनी विचारलं, "दौंडला बी ह्योच कार्यक्रम लागतो, न्हाई का?"

"हाच लागतो," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात मला पुण्याच्या दैनिकाचं बोलावणं आलं. दसऱ्यानंतर हजर व्हायचं होतं. मी ट्रंक एका ओळखीच्या ट्रकमधून पुढे पाठवली आणि खंडेनवमीच्या सकाळी दौंडला गेलो. शारदाला खरं सांगायचं आणि तिला व मुलाला बरोबर घेऊन दुपारच्या गाडीने शिरूरला यायचं, असा बेत होता.

क्वार्टरला दुसऱ्या माणसाच्या नावाची पाटी होती. तो माणूस बाहेर आला. म्हणाला, फायरमनची बदली झाली, पंधरा दिवस झाले, सगळं सामान घेऊन गेले. मी दिवस मोजले. पाळण्याचं गाणं लागलं त्याच्या चार दिवस आधी ते निघाले होते. ज्या स्टेशनावर गेले ते गुंतकलच्याही पुढे होतं. तिथे पुण्याचं केंद्र लागत नाही. मी पत्ता विचारला आणि वहीत लिहून घेतला. वही अजून आहे. पेन्सिलीचं अक्षर फिकट झालंय, पण लागतं.

दौंडहून शिरूरला एसटीने येताना मी वाक्यं जुळवत होतो. आप्पांना पत्ता द्यायचा. पत्र लिहायची त्यांना बंदी होती, पण मुलाणी लिहू शकले असते, मी लिहू शकलो असतो. पत्ता दिला की तो कसा मिळाला हे सांगावं लागणार होतं. आधी दौंडला का गेलो होतो, तिने काय विचारलं होतं, आणि एक वर्ष तिला नाव का ऐकू आलं नव्हतं, हे सगळं त्या एका पत्त्यामागे ओळीने उभं होतं.

स्टँडवर उतरलो तेव्हा चार वाजले असतील. फाटकातून समोर दुकान दिसत होतं. दुकानापुढे शेणाने सारवून रांगोळी काढली होती. ग्रामोफोन बाहेर आणून स्टुलावर ठेवला होता, कर्णा घासून लख्ख. आप्पा शिडीवर होते. धुतलेलं धोतर, डोक्याला नवी टोपी. हातातल्या ओल्या फडक्याने ते पाटी पुसत होते. भावकीतला कुणीतरी सायकलवरून थांबला, काहीतरी बोलला. आप्पांनी मान वळवली नाही. पाटीवर 'शा' पूर्ण निघाला होता, 'र' अर्धा. फडकं बादलीत पिळून ते पुन्हा वर चढले.

पुण्याची गाडी माझ्या शेजारी लागली होती. कंडक्टरने दार धरून विचारलं, "यायचंय का?"

मी बसलो. मागच्या बाजूला, दुकानाकडच्या खिडकीशी जागा मिळाली. गाडी फाटकातून बाहेर पडताना थोडी थांबली, समोरून बैलगाडी येत होती. तेवढ्या वेळात पाटीवर नाव पूर्ण झालं. आप्पा शिडीवरून उतरले, दोन पावलं मागे सरून त्यांनी ते पाहिलं. मग ते स्टँडकडे वळले आणि कपाळावर हात धरून आत लागणाऱ्या गाड्या बघू लागले. मघाशी आलेली दौंडची गाडी अजून उभी होती. तिच्यातून उतरणारं आता कुणी नव्हतं. स्टुलाच्या पायाशी पितळेच्या ताटात झेंडूचा हार ठेवलेला होता. कर्ण्याला घातलेला नव्हता.